घुमणारे संगणक स्पीकर: घरच्या घरी दुरुस्तीच्या नोंदी

२ फेब्रुवारी: तक्रार आणि बाहेरूनच करायच्या चाचण्या

संगणकाला लावायची दोन स्पीकरांची जोडी. उजव्या डब्यात सगळं सर्किट, डावा डबा नुसता तारेने जोडलेला. चालू केल्याबरोबर दोन्हीकडून जाड, सतत घुमणारा आवाज. डावीकडचं संगीत मध्यम आवाजालाही फाटतं आणि एरवी पातळ लागतं. उजवीकडचं फक्त मोठ्या आवाजाला फाटतं. शिवाय व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर.

इतक्या तक्रारी एकत्र दिसल्या की बरेच जण थेट "आयसी (आवाज मोठा करणारी चिप) गेला" असं म्हणून मोकळे होतात. या नोंदी लिहायचं कारण तेच आहे. दोष कुठल्या भागात आहे एवढंच कान सांगतो, कुठला सुटा भाग बिघडलाय ते मीटरच सांगतो, आणि एका आवाजामागे दोन-तीन वेगळे दोष असू शकतात.

डबा उघडण्याआधीच बरंच कळलं. ऑडिओची तार काढली तरी घुमणं तेवढंच, म्हणजे संगणक किंवा अर्थ लूपचा (दोन उपकरणांच्या अर्थच्या तारा जुळून घुमण्याचा) संबंध नाही. व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी फरक नाही, म्हणजे दोष पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणामागच्या बदलत्या रेझिस्टरच्या) पुढे: अॅम्प्लिफायरमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये. दोन्ही बाजू सारख्या घुमतात, तेव्हा जे दोघांना सामाईक आहे ते आधी बघायचं. सामाईक आहे तो पॉवर सप्लाय.

डावा डबा वेगळा काढून तपासला. दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की कोन स्वच्छ हलतो, घासल्याचा आवाज नाही. मल्टीमीटरवर ३.४ ओहम. चार ओहमच्या स्पीकरचा डीसी रोध त्याहून थोडा कमीच दिसतो, तेव्हा कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) ठीक.

३ फेब्रुवारी: उघडणं

प्लग काढून ठेवला. स्विच बंद करणं पुरेसं नाही. काही स्पीकरांत स्विच ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे असतो आणि प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरची भिंतीतल्या विजेकडची बाजू) कायम जिवंत राहते.

मागच्या पाट्याचे स्क्रू काढल्यावर पाटा ओढायचा नाही, कारण ट्विटरच्या (वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरच्या) तारा आखूड असतात. कडेची फोमची पट्टी जपून सोडवली. ती फाटली तर डब्यातून हवा गळते आणि बेसच्या सुरांना शिट्टीसारखा आवाज येतो. कुठलीही तार सोडवण्याआधी फोटो काढले, वरून आणि दोन्ही बाजूंनी.

आत जुन्या पद्धतीचा, समजायला सोपा सप्लाय निघाला: लोखंडी गाभ्याचा १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर (मधली तार शून्य व्होल्टची), एसीचा डीसी करणारे चार डायोड, २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचे दोन फिल्टर कपॅसिटर, हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) दोन टीडीए२०३०ए, म्हणजे दोन बाजूंचे अॅम्प्लिफायर आयसी, आणि पुढे ४५५८ ऑपअॅम्प, ही आणखी एक छोटी अॅम्प्लिफायर चिप. तुमच्या डब्यात ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंग सप्लाय असेल तर त्या भागासाठी या नोंदी वापरू नका. त्याच्या मुख्य कपॅसिटरवर २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

इथले कपॅसिटर १०० ओहम पाच वॉटच्या रेझिस्टरने रिकामे केले. दोन सेकंद धरला की पुरे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय असेल तर सोडा. त्यात तांब्याचे पट्टे उडतात.

एका फिल्टर कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलेलं दिसलं. बोट फिरवल्यावर फरक जाणवतो, नजरेला कळेलच असं नाही. दोन्हींच्या बुडाशी तपकिरी थर होता. तो गळलेला द्राव नव्हता. कारखान्यात कपॅसिटर हलू नये म्हणून लावलेला गोंद होता. तरी त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. नवा असताना हा गोंद फिकट पिवळसर असतो. वर्षानुवर्षं तापून तपकिरी पडला की वीज वाहू लागतो आणि खालच्या तारा खातो.

४ फेब्रुवारी: मोजमाप

पहिल्यांदा चालू करताना सिरीज दिवा लावला: ६० वॉटचा तंतूचा बल्ब पुरवठ्याच्या एका तारेत. इथे एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. तो भकाभक पेटून राहिला असता तर पुढे काही न करता डायोड तपासायचे होते. नंतर दिवा काढून आकडे घेतले.

मीटरचा काळा प्रोब ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेवर ठेवायचा. हीटसिंकवर कधीही नाही! टीडीए२०३०एचा धातूचा पाठीचा भाग आतून तिसऱ्या पिनला जोडलेला असतो, म्हणजे उणे सप्लायला. इथे दोन्ही आयसी अभ्रकाच्या वीजरोधक चकतीशिवाय एकाच हीटसिंकवर बसवलेत, म्हणून अख्खा हीटसिंक उणे सप्लायच्या व्होल्टवर आहे. त्याला जमीन (शून्य व्होल्टची जागा) समजून प्रोब लावला की सगळे आकडे खोटे येतात, आणि त्याचा डब्यातल्या अर्थला स्पर्श झाला तर शॉर्ट होतो.

ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू १३.५ व्होल्ट एसी. फार भार नसताना बाराच्या जागी एवढे येतात, त्यात काही गैर नाही. डीसी मात्र असा:

अधिक बाजू १८.१ व्होल्ट, त्यावर एसी ०.१.
उणे बाजू १४.९ व्होल्ट, त्यावर एसी १.९.

घुमणं इथेच सापडलं. उणे बाजूच्या कपॅसिटरची क्षमता संपत चाललीय, म्हणून सरासरी खाली आली आणि लाटा उरल्या. पूर्ण लहरीच्या रेक्टिफायरनंतर (म्हणजे त्या चार डायोडांनंतर) या लाटा पुरवठ्याच्या दुप्पट वारंवारतेच्या असतात, ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १०० आणि ६० च्या पुरवठ्यात १२०. उजवी बाजू मोठ्या आवाजाला का फाटत होती तेही समजलं: उणे बाजूला पुरेसे व्होल्टच नव्हते.

मीटरबद्दल एक सावधगिरी. काही स्वस्त मीटर एसीच्या पट्टीवर असतानाही डीसी मोजतात आणि दुपटीहून मोठा आकडा दाखवतात. प्रोब उलटे करून बघा. एका बाजूने मोठा आकडा आणि दुसऱ्या बाजूने शून्य आला तर मीटर फसतोय. मग प्रोबच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घाला, म्हणजे डीसी अडतो आणि फक्त लाटा मोजल्या जातात.

डायोड एकेक तपासले. चारही एका दिशेने ०.५ ते ०.६, उलट दिशेने बंद. ते ठेवले.

भाग मागवले: २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, १०५ अंशांपर्यंत चालणारे दोन. व्होल्ट वाढवले तर चालतं, पण व्यास, उंची आणि पायांमधलं अंतर आधी मोजायला हवं. क्षमता मात्र वाढवली नाही. "दहा हजार टाका, बेस दणदणीत येतो" हा सल्ला लहान सप्लायसाठी चुकीचा आहे. मोठा कपॅसिटर भरताना छोट्या डायोडांतून आणि फ्यूजमधून प्रवाहाचे जोरदार झटके जातात, ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, आणि बेस वाढतच नाही.

१२ फेब्रुवारी: फिल्टर कपॅसिटर

भाग यायची वाट बघण्यातच सगळा वेळ गेला. पुन्हा असं काम करताना पहिल्याच मागणीत बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही मागवेन. पुढे त्यांचीही गरज पडली.

आधी गोंद काढला. आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून मऊ पडू दिला आणि लाकडी काडीने खरवडला. धातूच्या टोकाने खरवडलं तर बोर्डाचा हिरवा थर निघतो. खाली एका जोडतारेचा पाय हिरवा पडून अर्धा खाल्लेला होता. ती तार बदलली.

जुने कपॅसिटर काढून मोजले. अधिक बाजूचा १८५० मायक्रोफॅरड, म्हणजे वीस टक्के फरकाच्या मर्यादेत बसणारा. उणे बाजूचा १६०. अधिक बाजूचा ठीक असूनही दोन्ही बदलले. वय तेच आणि उष्णताही तीच.

बसवताना उणे बाजूच्या कपॅसिटरची दिशा नीट बघा. त्याचा अधिक पाय मधल्या तारेला आणि उणे पाय उणे सप्लायला जातो. "अधिक पाय नेहमी सप्लायकडे" असं पाठ केलं असेल तर इथे तो उलटा बसतो आणि फुटतो. बोर्डावरच्या छपाईपेक्षा फोटोवर आणि मीटरच्या कंटिन्युइटीवर (दोन टोकं जोडलेली आहेत का हे सांगणाऱ्या चाचणीवर) विसंबावं.

पुन्हा सिरीज दिवा, पुन्हा आकडे: दोन्ही बाजू १८.२, एसी ०.१ च्या आसपास. आता इथे थांबून आयसीच्या नावातलं शेवटचं अक्षर बघण्यासारखं आहे. साध्या टीडीए२०३०ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट, "ए" असलेल्याची २२. आयसी बदलायची वेळ आलीच तर या बोर्डावर साधा चालणार नाही, भारही नसताना तो मर्यादेबाहेर असेल.

स्पीकर जोडण्याआधी दोन्ही आउटपुटांवरचा डीसी मोजला. उजवीकडे १४ मिलिव्होल्ट, डावीकडे ९. पन्नासच्या आत असेल तर निर्धास्त जोडावं. इथे काही व्होल्ट दिसले तर आयसीत किंवा त्याच्या सप्लायत गडबड आहे, आणि तसाच स्पीकर जोडला तर कॉइल जळते. अॅम्प्लिफायर दुरुस्त करताना चांगला स्पीकर घालवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ही मोजणी टाळणं.

जोडले. घुमणं गेलं, उजवी बाजू मोठ्या आवाजालाही स्वच्छ. डावी अजून फाटते, अजून पातळ.

१३ फेब्रुवारी: डावीकडचं फाटणं

लाकडी काडीने डाव्या आयसीला हलकं ढकललं की आवाज बदलतो. ही चाचणी सेकंडरी (ट्रान्सफॉर्मरच्या कमी व्होल्टच्या) बाजूलाच करायची, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या आसपासही नाही. बोर्ड उलटा करून तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहिलं तर पाचव्या पिनभोवती, अधिक सप्लायच्या पिनभोवती, टाक्यात (सोल्डरच्या जोडात) बारीक गोल चीर होती.

खात्रीसाठी आयसीचा पाय आणि त्याच पट्ट्याचं लांबचं टोक यांच्यामधले व्होल्ट मोजले. जोड चांगला असेल तर इथे शून्य यायला हवं. संगीत नसताना ०.२, संगीत चालू केल्यावर दोन-तीन व्होल्टांच्या उड्या. म्हणजे जोर लागला की आयसीची अधिक बाजू उपाशी राहायची. आयसीच्या पायांत अंतर फार थोडं असतं, प्रोब घसरून दोन पाय जुळले की चांगला आयसी जागीच जातो. प्रोबच्या टोकावर श्रिंक स्लीव्ह चढवून जेमतेम मिलिमीटरभर धातू उघडा ठेवला.

टाका नुसता तापवून वितळवला. आवाज स्वच्छ झाला आणि हीटसिंक गरम होईपर्यंत तसाच राहिला. मग पुन्हा फाटायला लागला.

जुना टिन (सोल्डर) विकने (तो शोषणाऱ्या तांब्याच्या जाळीने) पूर्ण उचलल्यावर कारण दिसलं: पाय काळपट ऑक्साइडने मढलेला. नवा टिन त्याला नुसता वेढा घालत होता, धरत नव्हता. पाय खरवडून चकाकता केला, फ्लक्स (टिन नीट धरावा म्हणून लावायचं रसायन) लावला, आधी पायावर टिन चढवला आणि मग टाका मारला. दोन्ही आयसींचे सगळे पाय असेच केले.

पण चीर आली कशामुळे? हीटसिंक बोर्डाला धरणारा स्क्रू ढिला होता. अॅल्युमिनियमचा तो सगळा तुकडा आयसीच्या पायांवर लटकत होता, आणि प्रत्येक दणक्याला, प्रत्येक तापण्या-निवण्याला ताण टाक्यांवर येत होता. स्क्रू आवळला नसता तर टाका कितीही सुरेख असला तरी पुन्हा चिरला असता. आयसीखालची वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्टही बदलली.

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे कोणी न मोजता आयसी बदलला असता, तर नव्या टाक्यामुळे फाटणं थांबलं असतं आणि दोष चांगल्या आयसीच्या माथी बसला असता. "आयसी बदलला आणि झालं" अशा हकिकतींमध्ये किती वेळा असं होत असेल याचा विचार करावा.

१५ फेब्रुवारी: डावीकडचं पातळपण

फाटणं गेलं, बेस मात्र नाही. डबे आपसात बदलले तरी बेस डाव्या चॅनेललाच कमी, तेव्हा दोष सर्किटमध्ये.

संगणकावरून ६० आणि ३०० हर्ट्झचे सूर वाजवले. याहून फार वरचा सूर घेतला नाही, कारण अनेक साधे मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे एसी नीट मोजत नाहीत. व्हॉल्यूम असा ठेवला की उजव्या आउटपुटवर एक व्होल्ट यावा.

उजवीकडे ६० ला १.०, ३०० ला १.०.
डावीकडे ६० ला ०.२५, ३०० ला ०.७७.

मग दोन्ही आयसींची पहिली पिन, म्हणजे इनपुट. दोन्हीकडे, दोन्ही सुरांना ३० मिलिव्होल्ट. इनपुट सारखं आणि आउटपुट वेगळं, तेव्हा पॉट, ४५५८ आणि कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाज पुढे जाऊ देणारे) एका फटक्यात निर्दोष ठरले. राहिला फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा काही भाग आयसीकडे परत नेणारे भाग.

या बोर्डावर आउटपुटकडून दुसऱ्या पिनला २२ किलोओहम, आणि तिथून ६८० ओहम व २२ मायक्रोफॅरडमधून जमिनीला. गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट) जवळपास ३३ पट, उजवीकडचे आकडे त्याच्याशी जुळतात. २२ मायक्रोफॅरड शाबूत असेल तर खालची सीमा (जिच्या खालचे सूर दबतात) १० हर्ट्झच्या आसपास असते. तो वाळून एक मायक्रोफॅरडवर आला की ती २३० हर्ट्झच्या वर जाते आणि बेस गायब होतो. काढून मोजला: १.१. हीटसिंकला जवळजवळ चिकटूनच बसलेला होता, इतकी वर्षं शेकत.

२१ फेब्रुवारी: छोटे कपॅसिटर आणि पॉट

दोन्ही चॅनेलचे २२ मायक्रोफॅरड बदलले. नवे हीटसिंकपासून थोडे दूर, तिरपे बसवले. डाव्या बाजूचे आकडे उजवीशी जुळले.

आता खरखर. पॉटवर स्प्रे मारण्याआधी त्याच्या टोकांवरचा डीसी मोजा. आधीचा कपलिंग कपॅसिटर गळका असेल तर पॉटवर डीसी येतो आणि नवाकोरा पॉटसुद्धा खरखरतो. तिथे कितीही स्प्रे मारला तरी उपयोग नाही. इथे डीसी शून्य निघाला, म्हणजे दोष पॉटचाच. वंगण असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर पायांजवळच्या फटीतून आत सोडला आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलं. खरखर बरीच कमी झाली, पण सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी चढत नाही. कार्बनचा थर झिजलाय. दुहेरी ५० किलोओहमचा पॉट मागवला. त्यावरचं अक्षर बघून घ्या: आशियाई बनावटीच्या पॉटवर बहुधा "ए" म्हणजे लॉग (सुरुवातीला हळू चढणारा) आणि "बी" म्हणजे लिनिअर (सगळीकडे सारखा चढणारा). व्हॉल्यूमसाठी लिनिअर लावला तर थोडं फिरवताच आवाज अंगावर येतो.

२८ फेब्रुवारी: बंद करण्याआधी

पॉट बसला. मागचा पाटा उघडाच ठेवून, समोर बसून, दिवसभर संगीत चालवलं. हीटसिंकचं तापमान प्लग काढूनच हाताने पाहिलं. गरम, पण बोट ठेवता येतं. पुन्हा आउटपुटचा डीसी: उजवीकडे १५, डावीकडे ११ मिलिव्होल्ट. फ्यूज मूळ रेटिंगचा आणि मूळ प्रकारचाच ठेवला.

तारा परत लावताना ध्रुवता चुकली नाही ना हे बघायला दोन्ही डबे समोरासमोर, जवळ ठेवून मोनो आवाज लावला. एका बाजूच्या तारा उलट केल्यावर बेस कमी झाला, तेव्हा आधीची जोडणी बरोबर.

ऑडिओची तार ट्रान्सफॉर्मरला खेटून जात होती. ती डब्याच्या दुसऱ्या कडेने नेली आणि उरलेली बारीक गुणगुण जवळजवळ गेली. संगणक जोडल्यावरच घुमत असेल तर तो वेगळा विषय आहे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घुमणं थांबलं तर दोष अर्थ लूपचा, आणि त्यासाठी स्पीकर उघडू नका.

कान डब्याला लावला की अजून मंद गुणगुण ऐकू येते. स्पीकरच्या तारा सोडल्या तरी ती राहते, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचीच यांत्रिक थरथर आहे. त्याच्या पायांखाली रबराचे वॉशर घालून स्क्रू आवळले, आता हातभर अंतरावरून ती ऐकू येत नाही. फोमची पट्टी एका कोपऱ्यात दबली होती, तिथे नवा तुकडा लावून पाटा बंद केला.